आकडा लिहिण्याआधी सिस्टर काय विचारतात

रुग्णालयात मधुमेहाच्या पेशंटजवळ बसलं की दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो: साखर किती आली? भेटायला आलेले विचारतात, शेजारच्या खाटेवरचे विचारतात, गावाकडून फोनवर विचारतात. आकडा सांगितला की विचारणाऱ्याचं समाधान होतं, नाहीतर चेहरा पडतो. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, खाटेजवळ बसून मी जे पाहिलं, त्यानंतर मला तो प्रश्न फार अपुरा वाटतो. वॉर्डातल्या सिस्टरनी नुसता आकडा कधीच घेतला नाही. टोचण्याआधी त्या काहीतरी विचारायच्या, टोचल्यावर काहीतरी पडताळायच्या आणि मगच लिहायच्या. माझ्या वडिलांचा पाय वाचला त्यात डॉक्टरांच्या शस्त्राइतकाच या विचारपुशीचा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अमळनेर तालुक्यात आमचं गाव, कोरडवाहू कापसाचं. घरात आमरसाची तयारी, सांजोऱ्या तळणं चाललेलं, आणि आबा ओट्यावरून उतरताना एक पाय आखडता घेत होते. विचारलं तर "काही नही व्हयनं" म्हणाले. बळेच तळवा पाहिला. अंगठ्याच्या मागे काळपट भोक, भोवती लाल सूज, वास येत होता. शेतातल्या पऱ्हाट्या उपटताना धसकट चपलेतून आरपार गेलं होतं आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने तळव्याची जाणीव कधीच गेली होती. सण तसाच सोडून आम्ही त्यांना जळगावच्या एका रुग्णालयात नेलं.

तिथे पायाकडे बघायच्या आधी एका सिस्टरने बोट टोचलं. ४३८. लगेच शिरेतून रक्त घेतलं, लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडलं की शरीरात साचणारी घातक द्रव्यं, आहेत का ते तपासायला पाठवलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी १०.८ निघाली. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. दोन्ही एकदमच खाली आणावं लागेल. साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायची असं ठरलं. वॉर्डात गेलो आणि आमचा खरा दिनक्रम सुरू झाला. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळच्या जेवणाआधी, झोपताना, आणि कधी कधी पहाटे तीनला एचजीटी, म्हणजे बोट टोचून मीटरवर साखर बघणं. तिथे सगळे तोच शब्द वापरायचे. "सात नंबरची एचजीटी झाली का?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून असेल, पण पहिल्या दिवसापासून मी हे टोचणं अगदी जवळून पाहत होते. साधं दिसतं आणि साधं नाही.

सिस्टर ट्रे घेऊन येतात. त्यात मीटर, पट्ट्यांची डबी, सीलबंद लॅन्सेट (बोट टोचायची बारीक सुई), कापूस, हातमोजे आणि सुया टाकायचा पांढरा, न टोचला जाणारा डबा. पेशंटचं नाव विचारतात. रोजची ओळख असली तरी विचारतात आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडतात. मग "काय खाल्लं? किती वाजता?" मग हात. आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर या बाबतीत फार काटेकोर होत्या. जो चालू शकेल त्याने बेसिनवर साबणाने हात धुवायचे, जो उठू शकत नाही त्याचे हात ओल्या कापडाने पुसून कोरडे करायचे. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण उडेपर्यंत थांबायचं, कारण ओल्या स्पिरिटमध्ये रक्ताचा थेंब मिसळला की आकडा बिघडतो आणि पेशंटला झोंबतं ते वेगळंच.

बोट कुठलं घ्यायचं याचाही नेम. अंगठा आणि तर्जनी सहसा टाळतात, कारण रोजची कामं त्यांच्यावरच. मधलं, अनामिका किंवा करंगळी, आणि तेही आळीपाळीने. टोचायचं टोकाच्या मांसल गादीवर मध्यभागी नाही, कडेला. मध्ये नसांची टोकं दाट असतात, कडेला दुखणं कमी आणि रक्त मात्र पुरेसं. आबांच्या बाबतीत हे सगळं अवघड गेलं. कापूस वेचून, नांगर धरून, विळा चालवून त्यांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली की एका नव्या सिस्टरची लॅन्सेट आत गेली तरी थेंबच येईना. तिने टोक दाबायला सुरुवात केली, तेव्हा इन्चार्ज सिस्टरनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"दाबू नको. दाबलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं, आकडा चुकतो."

त्यांनी आबांचा हात खाटेखाली लोंबता ठेवला. थोडा वेळ थांबल्या. मग तळव्याकडून बोटाच्या दिशेने दोनदा हलका हात फिरवला, नखाच्या कडेला जिथे कातडी जरा मऊ होती तिथे नवी लॅन्सेट लावली, आणि टपोरा थेंब वर आला. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकला, दुसरा घेतला. पट्टी थेंबावर टेकवली तसं रक्त आपोआप आत ओढलं गेलं. वरून थेंब टाकायचा नाही, पट्टीची कड थेंबाला लावायची. मीटरवर पाच, चार, तीन, दोन, एक. आकडा.

त्या पाच सेकंदांत काय होतं ते मी वर्गात मुलांना सांगितलं आहे. पट्टीच्या टोकाशी एक एन्झाइम वाळवून ठेवलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, त्यातून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि पट्टीवरच्या बारीक तारांमधून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो. ग्लुकोज जितकं जास्त तितका प्रवाह जास्त. मीटर तो प्रवाह मोजतं आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतं. लागणारं रक्त एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. आणि इथेच एक हिशेब आहे, जो मी आबांच्या खाटेजवळ बसून वहीच्या मागच्या पानावर केला. साखर १०० असेल तर एका मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज किती? एक मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे बोटावर कुठून तरी आलेलं दोन मायक्रोग्रॅम ग्लुकोज त्या थेंबात मिसळलं, तर १०० चे ३०० दिसतील. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं ते असतं.

हा हिशेब कागदावरच राहिला असता, पण शेजारच्या खाटेवर तो खरा होताना पाहिला. तिथे रावेर तालुक्यातले एक केळी बागायतदार होते. गळू झालं होतं. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण केळी आणायचा. जळगाव जिल्ह्यात दुसरं काय आणणार! दुपारच्या जेवणाआधी शिकाऊ मुलीने त्यांचं बोट टोचलं आणि ३४१ आले. ती इन्सुलिनचा तक्ता उघडणार इतक्यात इन्चार्ज सिस्टरनी सकाळचा आकडा बघितला. १६२. सकाळी इन्सुलिन मिळालेलं, नाश्ता बेताचा, ताप उतरलेला. मग एवढी उडी कशी?

"दादा, आता काय खाल्लं?"

"म्या काही नई खाल्लं, सिस्टर. पोऱ्याले केळं सोलून देलं फक्त."

सिस्टरनी शिकाऊ मुलीला विचारलं, "हात कशाने साफ केला?" स्पिरिटने, ती म्हणाली. त्यांना बेसिनवर नेऊन साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले आणि दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. १८७. केळीच्या गराची साखर बोटावर चिकटली होती आणि स्पिरिटचा एक फटकारा ती काढू शकला नव्हता. ३४१ वर विसंबून इन्सुलिन दिलं असतं तर काही तासांत त्या माणसाची साखर कुठे गेली असती, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला. शिकाऊ मुलीला सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आकडा पेशंटशी जुळत नसेल तर आधी पुन्हा तपास, मग विश्वास ठेव." चार्टवर दोन्ही आकडे लिहिले. पहिल्यापुढे "हात न धुता", दुसऱ्यापुढे "हात धुऊन".

तो चार्ट मला फार आवडायचा. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला. तारीख, वेळ, आकडा, दिलेलं इन्सुलिन, सही. पण खरी माहिती शेवटच्या रिकाम्या रकान्यात असायची: अर्धीच पोळी खाल्ली, उलटी झाली, ताप १०१, सलाइन चालू, स्टिरॉइड दिलं. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना तोंडी सांगायच्या तेही याच रकान्यातलं जास्त. नुसतं "सातला २१४" असं कुणी म्हणायचं नाही. "सातला २१४, भूक नाही, दुपारी दोनच घास."

डब्याबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त वादावादी तिथेच होते. आमचा डबा मेहरूणमध्ये राहणाऱ्या चुलतभावाकडून यायचा. आबांना जेवणाआधी जे साधं इन्सुलिन मिळायचं ते काम सुरू करायला अर्धा तास घेतं, म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास टोचतात. पण टोचलं आणि जेवण आलंच नाही, तर इन्सुलिन थांबत नाही. संध्याकाळच्या सिस्टर एचजीटी करायच्या, आकडा लिहायच्या आणि विचारायच्या, "डबा आला?" रस्त्यात आहे, म्हटलं तर इन्सुलिन ट्रेमध्येच राहायचं. "डबा दाखवा, मग देते." एका काकांचा मुलगा यावरून चिडला होता, आमचे पेशंट ताटकळलेत म्हणून. सिस्टरनी त्याला शांतपणे सांगितलं, "तुमचा डबा अडकला तर मी इन्सुलिन परत काढून घेऊ शकत नाही." मला तेव्हापासून वाटतं की हे वाक्य प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावावं.

आणि डब्यात काय आहे तेही त्या बघायच्या. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असेल तर मान डोलवायच्या. वरण-बट्टी असेल तर किती बट्ट्या ते मोजायच्या. कुणी लपवून आमरसाची वाटी दिली असेल तर ते कबूल करून घ्यायच्या, रागावण्यासाठी नव्हे, रात्रीचा आकडा वाचता यावा म्हणून. नातेवाइकांनी चोरून खाऊ घालणं ही आपल्याकडची माया मी समजू शकते. पण सिस्टरपासून ते लपवलं की चढलेली साखर बघून डॉक्टर डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो आमरस नसतो, वाढलेलं इन्सुलिन मात्र असतं.

पायाची मेलेली कातडी काढायची होती त्या दिवशी आबा उपाशी होते. डाव्या हाताला ग्लुकोजची बाटली, त्याबरोबर इन्सुलिनचं पंप, दर तासाला एचजीटी. शिकाऊ मुलगी सवयीने डाव्या हाताकडे वळली, तर तिला थांबवलं: ज्या हातात ग्लुकोज चाललंय त्या हाताचं रक्त घ्यायचं नाही. उजव्या हाताची बोटं त्या दिवशी सगळी वापरून झाली. संध्याकाळी शुद्धीवर येऊन आबा म्हणाले, "मना बोटेस्नी ते चाळणी व्हई गई."

पण जी रात्र मी विसरणार नाही ती त्यानंतरची. भूक मंदावलेली, ताप उतरत चाललेला. ताप उतरला की त्याच डोसमध्ये साखर जास्त खाली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत होतं. झोपताना १३८ आले होते. मला तो आकडा ऐकून आनंद झाला, त्या मात्र म्हणाल्या, "ताई, जेवले किती?" एक पोळीही पूर्ण नाही. "मग मी तीनला बघणार."

तीनला त्या आल्या तेव्हा मी खुर्चीत डुलक्या घेत होते. आबा स्वस्थ झोपलेत असं मला वाटत होतं. सिस्टरनी कपाळाला हात लावला. घामाने ओलं. मे महिन्यातलं जळगाव, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, घाम कुणाला येत नाही? पण त्यांनी मानेखाली हात घातला, सदरा चिंब होता, आणि हात गार. उठवलं तर आबा वैतागले, "झोपू दे मले," आणि जीभ जड. बोट पुसलं, टोचलं. ६२.

७० च्या खाली म्हणजे साखर कमी. ५४ च्या खाली म्हणजे धोका जवळ. मी पिशवीतला पेढ्यांचा पुडा काढला. सिस्टर म्हणाल्या, पेढा नको, त्यातलं तूप-दूध साखर हळू सोडतं, आता लगेच चढणारं हवं. आधी आबांना नीट बसवलं, घोटभर पाणी गिळता येतंय का ते पाहिलं. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही द्यायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. तेव्हा शिरेतून डी-२५, म्हणजे २५ टक्के ग्लुकोजचं द्रावण, द्यावं लागतं, आणि ते भरून ठेवायला त्यांनी मदतनिसाला सांगितलंच होतं. आबा गिळू शकत होते. ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, साधारण पंधरा ग्रॅम, पाण्यात ढवळून पाजले. मग घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं सिस्टर दुसऱ्या खाटांकडे जाऊन येत होत्या आणि दर फेरीत आबांना काहीतरी विचारत होत्या: गावात पाऊस कधी पडतो, किती एकर आहे. उत्तरं हळूहळू सरळ येऊ लागली. पुन्हा हात धुतला, ग्लुकोजचा ओघळ बोटावर आला असेल म्हणून. पुन्हा टोचलं. ८४. मग दूध आणि दोन बिस्किटं, कारण नुसतं ग्लुकोज टिकत नाही. तासाभराने परत ११९. डॉक्टरांना फोन झाला होता, सकाळचा डोस कमी झाला. चार्टवर शेवटच्या रकान्यात लिहिलेलं होतं: "घाम, गार हात, जीभ जड. रात्री जेवण अर्धं."

सकाळी आबा पूर्ण शुद्धीवर. त्यांना रात्रीचं काही आठवत नव्हतं. सिस्टर पाळी संपवून निघाल्या होत्या, त्यांना हाक मारून म्हणाले, "साखर कितली उनी वं माय?"

माझी मोठी आत्या शासकीय रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली. ती भेटायला आली तेव्हा मी तिला ही रात्र सांगितली. ती बराच वेळ आबांचा हात धरून बसली. मग तिने तिच्या उमेदवारीच्या काळातलं सांगितलं. बोटाचं रक्त वॉर्डात कुणी तपासत नव्हतं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटेसारखं लाल. त्या रंगावर इन्सुलिन ठरायचं. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, आणि मूत्राशयात साठलेली लघवी आत्ताची नसते, काही तासांपूर्वीची असते. म्हणजे १२० असो की ६२, नळी निळीच. आत्या म्हणाली, "आम्ही कपाळाला हात लावून ओळखायचो. दुसरं साधनच नव्हतं." रात्रपाळीच्या सिस्टरनी मीटर काढायच्या आधी कपाळाला हात लावला होता, ते मला आठवलं.

एका सकाळी आबांना वेगळाच पेच पडला. सहा वाजता मीटरवर १८१ आले आणि त्याच वेळी शिरेतून घेतलेल्या रक्ताचा लॅबचा आकडा आला १६८. "खोटं कोन?" असं त्यांनी विचारलं. इन्चार्ज सिस्टर खाटेवर टेकल्या आणि समजावलं की कुणीच खोटं नाही. चांगल्या मीटरसाठी ठरलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाणच असं की १०० च्या वर शंभरातले पंच्याण्णव आकडे लॅबच्या पंधरा टक्के आत असले पाहिजेत, १०० च्या खाली पंधरा मिलिग्रॅमच्या आत. १६८ आणि १८१ हा फरक आठ टक्क्यांच्या आतला. जेवणानंतर तर बोटाचं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच दाखवतं, कारण शिरेत परत येईपर्यंत स्नायूंनी साखर उचललेली असते. आणि लॅबची नळीही साधी चालत नाही. करड्या टोपणाची, सोडियम फ्लोराइड घातलेली लागते. नाहीतर नळीतल्या रक्तपेशी वाटेतच साखर खात राहतात आणि तासागणिक आकडा उतरतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते इथे मुद्दाम लिहिते, कारण खानदेशात त्याचं महत्त्व वेगळं आहे. त्या आधी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडे सातपुड्यात काम करून आल्या होत्या. तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे पेशंट बरेच. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, एरवीसारख्या चार महिने जगत नाहीत. एचबीएवनसी ही त्या पेशींवर चढलेल्या साखरेचीच मोजणी, म्हणून अशा माणसात ती कमी दिसू शकते आणि साखर आटोक्यात असल्याचा भास होतो. रक्त फार कमी असेल तर बोटावरचं मीटरही खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. म्हणून हिमोग्लोबिन फार कमी असलेला, अंगावर खूप सूज असलेला किंवा रक्तदाब खचलेला पेशंट आला की त्या मीटरवर न थांबता शिरेतलं रक्त लॅबला पाठवायच्या. आमच्याच वॉर्डात एका बाईच्या बाबतीत मी ते पाहिलं.

स्वच्छतेबद्दलही एक. दर पेशंटला नवी लॅन्सेट, आमच्यासमोर फोडलेली. हातमोजे बदललेले. मीटर पुसलेलं. वापरलेली लॅन्सेट पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. घरी अनेक जण पेनसारखं टोचायचं यंत्र नवरा-बायको मिळून वापरतात. सिस्टरनी ते ऐकून स्पष्ट बजावलं की सुई बदलली तरी यंत्र एकाचंच असावं. हिपॅटायटिस बी असा पसरलेला आहे.

घरी सोडायच्या आधी त्यांनी सगळं आबांच्या हातून करवून घेतलं. मी पुढे झाले तर मला मागे बसवलं. "ताई, तुम्ही सासरी जाणार. बोट त्यांचं आहे." आबांनी हात धुतले, पट्टी लावली, नखाच्या कडेला टोचलं. पहिल्यांदा थेंब पुरला नाही, मीटरने नकार दिला. त्याच पट्टीवर परत रक्त न लावता नवी पट्टी. इन्सुलिनची बाटली दर मिलिलिटरला ४० युनिटची, तिला लाल टोपणाचीच सिरिंज; १०० युनिटची नारिंगी टोपणाची लावली तर डोस चुकतो. हे त्यांनी आबांकडून उलट वदवून घेतलं.

उन्हाचं आम्हाला वेगळं सांभाळावं लागलं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. फ्रीजमध्येही नको, ओल धरते. आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कोनाड्यात, डबीचं झाकण घट्ट लावून ठेवायची, पट्टी काढली की लगेच झाकण. ओट्यावर ठेवलेलं मीटर एकदा थर्मामीटरचं चित्र दाखवून बंद पडलं. आत आणून थंड होऊ दिलं तेव्हा चालू झालं. एका पट्टीला वीसेक रुपये पडतात, म्हणून वाया घालवायची नाही आणि मुदत संपलेली स्वस्तात घ्यायचीही नाही.

आबा कापसाच्या वजनाच्या जुन्या वहीत नोंद ठेवतात. तारीख, वेळ, आकडा, युनिट. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः आखला. त्यात "अर्धी भाकर", "शेतात चालनं जास्त", "पाहुना उना, शेवभाजी" असं लिहिलेलं असतं. पायाची जखम भरत आली आहे, रोज रात्री आई तळवे बघते.

मागच्या तपासणीला आम्ही मीटर आणि वही दोन्ही घेऊन गेलो. लॅबमध्ये शिरेतलं रक्त घेताना शेजारीच मीटरवर तपासलं: लॅबचे १३४, आमचे १४१. उपाशीपोटीचा आकडा ठीक होता, एवढ्यावर डोस तोच राहिला असता. पण डॉक्टर वहीची पानं मागे उलटत गेले आणि एका पहाटेच्या ७४ पुढे थांबले. पुढे आबांनी लिहिलं होतं, "घाम. जेवन कमी." रात्रीच्या इन्सुलिनचे दोन युनिट त्यांनी कमी केले.